पाण्याची पाळी : तळी, मानस आणि महाजन

स्मरणिका समितीने मजकडून लेख मागविला, तेव्हा श्रींच्या स्थलांतराचा वृत्तांत, कुळावींची नामावली आणि पालखीच्या मानपानाची परंपरा हे विषय मजहून अधिकारी अशा मंडळींनी आधीच उचललेले होते. उरलेल्यांतून मी पाणी घेतले. पाण्याला सनद नसते, शिलालेखही क्वचितच. तथापि पहाटेच्या अभिषेकाच्या पहिल्या कळशीपासून जत्रेच्या शेवटच्या पंगतीपर्यंत त्याच्यावाचून देवस्थानाचे एक पाऊल पुढे पडत नाही. माझे आयुष्य कारकुनीत गेले. लिसेवात शिकलेल्या पोर्तुगीज भाषेने पोटाची सोय केली आणि निवृत्तीनंतर तीच भाषा जुने कोदिगो व रेगुलामेंत वाचण्याच्या कामी आली. इतिहासकार म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. जे वाचले, जे कचेरीत हाताखालून गेले आणि जे लहानपणी तळीच्या पायऱ्यांवर पाहिले, तेवढेच येथे मांडतो.

अंत्रुज महालातील आपली बहुतेक मोठी देवस्थाने डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या अंगाला वसली आहेत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतून देव हलवावे लागले. कुशस्थळीचे श्रीमंगेश प्रियोळला आले, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. हा मुलूख तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली होता. होडीतून नदीपार आणलेल्या देवासाठी जागा पाहणाऱ्या त्या माणसांनी काय काय पाहिले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. छप्पर गवताचे चालले असते, भिंत मातीची चालली असती. बारमाही पाणी नसते तर नित्यपूजा पहिल्या उन्हाळ्यातच खंडित झाली असती. बांदोड्याचे श्रीनागेश मात्र या स्थलांतराच्या आधीपासून तेथेच आहेत. तेथील १४१३ सालच्या शिलालेखात विजयनगरच्या देवरायाच्या काळी माई शेणवी याने श्रीनागेश व श्रीमहालक्ष्मी या देवस्थानांना दिलेल्या दानाची नोंद आहे. नागेशीची तळी गोव्यातील फार जुन्या तळ्यांपैकी एक मानली जाते, आणि ज्याने ती दुपारच्या उन्हात पाहिली असेल त्याला ती बांधणाऱ्यांविषयी काही निराळे सांगण्याची गरज नाही.

तळी ही देवळापुढची शोभा होय, हा समज अलीकडचा. जुन्या रचनेत ती एका साखळीतील मधली कडी असे. डोंगरातून झर यावी, तिचे पहिले पाणी देवाच्या पूजेला आणि पिण्याला घ्यावे, मग ते तळीत उतरावे, तळी भरली की सांडीवाटे पाटात पडावे, पाटाने खालच्या कुळागरातील माड-पोफळींना पाजावे आणि तेथून जे निथळेल ते मळ्यातील वायंगणी भाताला मिळावे. एकच पाणी चार ठिकाणी कामाला येई. कुळागरातील पाणी ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे घेता येत नसे. पाटाची पाळी ठरलेली असे. एकाची पाळी संपली की पुढच्याने मातीचा बांध फोडून पाणी आपल्या अंगाला वळवावे, हा क्रम. पाळी चुकवून रात्री पाणी वळविणाऱ्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळलेली असे, कारण खालच्याची पोफळ कोरडी राहिलेली सर्वांना दिसे.

आमच्या आजीचा तळीविषयीचा कायदा तोंडी होता, आणि कोणत्याही सरकारी ठरावापेक्षा तो अधिक काटेकोरपणे पाळला जाई. पहिल्या पायऱ्यांवर पाय धुऊन मगच खाली उतरावे. चूळ पाण्यात टाकू नये. कपडे तळीत धुऊ नयेत. ते सांडीच्या खाली, पाटाच्या दगडावर धुवावेत. तेल लावून तळीत उतरू नये. उत्सवाच्या आदल्या दिवशी कोणी उतरूच नये. घरी आल्यावरही तिचा अंमल संपत नसे. न्हाणीचे पाणी बाहेर पडले की ते माडाच्या आळ्यात किंवा केळीच्या बुंध्यात गेलेच पाहिजे. तांदूळ धुतलेले पाणी गुरांच्या भांड्यात. भाण भरल्यावर बिंदुलीत जे उरले ते तुळशीला. ‘पाणी वाचवा’ असे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. विहिरीतून एक एक कळशी ओढणाऱ्या माणसाला तो उपदेश लागत नाही, कारण प्रत्येक कळशीचे वजन दोन्ही खांद्यांना माहीत असते.

वैशाखात तळीचे पाणी सर्वांत खाली गेले की गाळ काढण्याचे काम निघे. पाऊस मृगावर येणार, त्याआधी ते संपले पाहिजे. तो गाळ फेकला जात नसे. टोपल्यांनी कुळागरात जाई आणि पोफळींच्या मुळाशी पडे. मुलांना त्या दिवशी मासे आणि कासवे पाहायला मिळत, म्हणून आम्हांला तो जत्रेइतकाच मोठा दिवस वाटे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. हा गाळ उपसणारे हात महाजनांचे नव्हते. ज्यांचे होते, त्यांच्यापैकी कित्येकांना गाळ काढून झाल्यावर त्याच तळीच्या पाण्यात उतरण्याची मुभा नव्हती. पाटाची पाळी ठरविणाऱ्या बैठकीत कुळाला आणि मुंडकाराला स्थान नव्हते, आणि कळशी वाहणाऱ्या स्त्रियांना तर त्या बैठकीची तारीखसुद्धा कोणी सांगत नसे. पाण्याचे जुने नियम चांगले होते असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते कोणासाठी चांगले होते हा प्रश्न आपल्याच राजांगणात उभा राहतो, आणि स्मरणिकेच्या आनंदाच्या पानांतही तो टाळू नये असे माझे मत आहे.

हे झाले गोड्या पाण्याचे. आपल्या पूर्वजांनी मागे सोडलेल्या गावांत, मांडवी आणि जुवारीच्या काठी, खाऱ्या पाण्याविषयीची शिस्त याहून कडक होती. कारण तेथे नियम मोडला तर नुसती पोफळ सुकत नसे, सगळा मळाच मरत असे.

१६ सप्टेंबर १५२६ रोजी आफोंस मेशिय या वसुली अधिकाऱ्याने तिसवाडी बेटातील गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखी नोंदविले. हाच तो ‘फोराल’. पोर्तुगीजांना गोव्यात येऊन तेव्हा पुरती सोळा वर्षे झाली होती, म्हणजे या दस्तऐवजातील रिवाज त्यांचे नव्हेत. त्यांनी ते येथे आयते मिळालेले पाहिले आणि सारा बिनचूक वसूल व्हावा म्हणून उतरवून घेतले. कोणे एके काळी चार माणसे एका पडीक बेटावर आली, त्यांनी ते लागवडीस आणले आणि पुढे त्यांनाच गावकार हे नाव पडले, अशी हकीकत त्यात दिली आहे. ही हकीकत दंतकथा असेल. तरीही तिच्यात एक सत्य आहे. या भूमीवर गाव वसविणे म्हणजे आधी समुद्राला बाहेर ठेवणे.

खाजन म्हणतात ती जमीन भरतीच्या पातळीच्या खाली असते. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर सांगितली जाते. नदीच्या अंगाने चिखलाचा व चिऱ्यांचा बांध घालावयाचा, बांधाबाहेर खारफुटीची झाडे राखावयाची, आणि बांधात ठिकठिकाणी मानस बसवावयाचे. मानस म्हणजे पाण्याचे दार. लाकडी फळ्या वरच्या बाजूने टांगलेल्या. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडतात. पावसाचे गोडे पाणी बाहेर जाते, खारे पाणी आत येत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. माणूस झोपलेला असला तरी मानस जागा. मानसाच्या आत पाणी साठून राहावे म्हणून सखल जागा सोडलेली असते, तिला आपण पोंय म्हणतो. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनी जमिनीतील खार धुऊन जातो आणि मग कोरगुटासारखे, थोडाफार खार सोसणारे भात पेरले जाते.

या दारापाशी गावकरीचा खरा कस लागे. ओहोटीच्या वेळी मानसाच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी आणि सुंगटे विपुल मिळतात. हा मासेमारीचा हक्क गावकरी पावणीवर चढवी आणि सर्वांत अधिक बोली करणाऱ्याला ठराविक मुदतीसाठी देई. आता पावणी घेणाऱ्याचा स्वार्थ पाहा: खारे पाणी जितके जास्त आत येईल तितकी मासळी जास्त. आणि शेत कसणाऱ्याचा स्वार्थ याच्या नेमका उलट. एकाच दारावर दोघांची पोटे अवलंबून. तेव्हा नियम असा की, शेतात पीक उभे असेतोवर ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाणी आत घ्यावयाचे नाही. कापणी झाल्यावर मात्र ते घ्यावे, कारण खाऱ्या पाण्याने तणही मरते. मासळी कोणत्या ओहोटीला धरावयाची, दार कोणी उघडावयाचे, फळी कुजली तर खर्च कोणाचा, बांधाला उंदराने किंवा खेकड्याने बीळ पाडले तर ते कोणी बुजवावयाचे, हे सारे ठरलेले असे. बांध पाहत फिरण्यासाठी गावकरी माणूस नेमी. भोक मुठीएवढे असताना दिसले तर मूठभर चिखलाने भागते. तेच दोन भरत्यांनंतर दिसले तर सगळा गाव फावडी घेऊन गेला तरी पुरत नाही.

हा नियम शतकानुशतके का पाळला गेला, यावर मी पुष्कळ वाचले आहे. माझे उत्तर कारकुनाचे आहे, म्हणून ते हिशेबाचे आहे. गावकरीच्या उत्पन्नातून बांधाचा, मंदिराचा, गावाच्या नोकरांचा खर्च आणि सरकारचा सारा वजा जाता जे उरे, ते गावकारांत ‘जोण’ म्हणून वाटले जाई. बांध फुटला तर जोण बुडे. मानसाची पावणी घेणारा त्याच गावचा, ज्याचे शेत बुडेल तो त्याचा शेजारी, आणि दंड ठरविणारे लोक पुढच्या जत्रेत दोघांच्याही पंगतीला बसणारे. नियम मोडल्याचा तोटा ज्यांना व्हावयाचा, तेच नियम करणाऱ्यांच्या चटईवर बसलेले होते. जे त्या चटईवर नव्हते त्यांचा तोटा मोजला जात नसे, हेही त्याच हिशेबाच्या वहीत लिहिले पाहिजे.

याच काळी, चार कोसांवर, पूर्वेचे रोम म्हणून गाजलेली गोव्याची राजधानी काय करीत होती? १५८३ साली येथे आलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन लिहून गेला आहे की, शहरात पिण्याजोगे पाणी नाही. बांयगिणीच्या झरीचे पाणी गुलाम मडक्यांतून वाहून आणतात आणि ते विकले जाते. आग्वादच्या किल्ल्यात १६१२ साली उभारलेल्या टाक्यात २३,७६,००० गॅलन पाणी मावे असे सांगतात. ते येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना पुरविले जाई. बोटीसाठी टाके होते, घरासाठी मडके. रोगांच्या साथींनी ते शहर हळूहळू ओस पडले. त्याची कारणे अनेक होती, पण दूषित पाणी त्यांपैकी मोठे होते. १८४३ साली पणजी राजधानी झाली, तेव्हा जुने गोवे जवळजवळ रिकामेच होते. व्हाइसरॉयच्या दरबाराला जे साधले नाही ते शेजारच्या करमळी गावाने साधले होते. गावकरीने राखलेले तेथील तळे वायंगणी शेतीला पाणी देत आले आणि पुढे पाखरांसाठी प्रसिद्ध झाले.

एकोणिसाव्या शतकापासून लिहिण्याचे युग आले. १८८६ साली माझानींचे रेगुलामेंत झाले, त्याची जागा १९३३ च्या रेगुलामेंताने घेतली. गावकऱ्यांसाठी १९०४ चा कोदिगो, आणि १५ एप्रिल १९६१ चा शेवटचा, मुक्तीच्या आठ महिने आधी मंजूर झालेला. आपल्या देवस्थानांचे कोंप्रोमिसही याच कायद्यांच्या चौकटीत बसविले गेले. कोणाची पालखी कोणी उचलावी, किल्ली कोणाकडे असावी, प्रसाद कोणाला आधी द्यावा, हे तेथे कलमवार आले. आपल्या कोंप्रोमिसात तळीच्या सांडीविषयी मला एक ओळही सापडली नाही. ती लिहिण्याची कोणाला गरजच वाटली नसावी, कारण ती सर्वांना ठाऊक होती. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीच आधी नाहीशा होतात.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला. न्यायाच्या दृष्टीने हे व्हावयासच हवे होते; महाजन घराण्यांत या कायद्याविषयी आजही जो सुस्कारा ऐकू येतो, त्यात मी सामील नाही. परंतु शेत कुळाकडे गेले आणि बांध मात्र कोणाकडे गेला हे नीट ठरले नाही. गावकरीचे उत्पन्न आटले, म्हणून ती बांधाकडे पाहीना. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटना करून सामाईक जबाबदारी त्यांच्यावर टाकली. काही संघटनांनी ती उत्तम पार पाडली, काही कागदावरच राहिल्या. मासळीचे भाव चढले, तसा मानसाचा पैसा भाताच्या पैशाहून मोठा झाला, आणि कित्येक ठिकाणी दार मुद्दाम उघडे राहू लागले. मांडवीतून धावणाऱ्या खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध पोखरले ते निराळेच.

मी ज्या कचेरीत होतो तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. एका गावच्या बांधाला पडलेल्या खिंडाराचा अर्ज माझ्या टेबलावर आला, तेव्हा अर्जात त्याची रुंदी दोन हात लिहिली होती. मी टिपण लिहून तो पुढे पाठविला. अंदाजपत्रकासाठी तो खाली आला, मंजुरीसाठी वर गेला, एका आकड्याच्या खुलाशासाठी पुन्हा खाली आला. प्रत्येक कारकुनाने आपले काम नेमस्तपणे केले, मीही केले. मंजुरी आली तेव्हा जागेवर गेलेल्या ओव्हरसियरने कळविले की, खिंडारातून आता होडी जाते आणि मंजूर रकमेत काम होणे नाही. फाइलवर ‘नवे अंदाजपत्रक सादर करावे’ असा शेरा मीच माझ्या हाताने लिहिला. त्या मळ्यात पुढे भात झाले नाही. आमच्यापैकी कोणाचेही त्या मळ्यात शेत नव्हते.

नळाची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांच्या घरात आहे. ओपाचे पाणी पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस आले, नंतर साळावलीचे धरण झाले. त्या धरणाखाली सांगे तालुक्यातील कुर्डी गाव गेले, गानतपस्विनी मोगूबाईंचे गाव. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले. सोमेश्वराचे देऊळ मात्र पाण्याखालीच राहिले, आणि मे महिन्यात पाणी उतरले की विस्थापित कुटुंबे तेथे जमून उत्सव करतात. आपल्या न्हाणीतील तोटी सोडताना हे आठवावे असे मी कोणाला सांगणार नाही, पण मला ते आठवते.

कायदेही झाले. २००२ च्या भूजल नियमन कायद्याने विहीर खोदण्यास परवानगी आवश्यक केली आणि टँकरवाल्यांवर नियंत्रण आणले. सप्टेंबर २०२१ पासून महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरांना बिलमाफी देण्यात आली. काटकसर करणाऱ्याला बक्षीस, अशी त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण चार माणसांच्या घराला हे रोजचे माणशी सव्वाशे लिटरांहून अधिक पडते, आणि आजीच्या घरात आम्ही अकरा माणसे विहिरीच्या किती कळशांवर दिवस काढीत होतो ते मी मोजलेले नसले तरी, त्या घरी इतके पाणी ओढण्याइतके हात नव्हते हे नक्की.

आता आपल्याच आवारात येतो. अग्रशाळेचा विस्तार झाला तेव्हा तळीची सांड नव्या फरशीखाली गेली. हेतू चांगला होता. यात्रेकरूंची सोय झाली, वर्गणी मीही दिली. सांड बुजल्यावर तळीचे पाणी वाहते राहिले नाही. दोन उन्हाळ्यांत ते हिरवे झाले आणि खालच्या कुळागरातील पाट कोरडा पडला. त्या कुळागरवाल्याने बोअर मारली. आता तळीचे पाणी वैशाखाच्या आधीच खाली जाते, म्हणून तळीचा तळ सिमेंटने बांधून काढावा आणि देवस्थानानेही एक बोअर मारावी, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार असल्याचे कळते.

माझे म्हणणे इतकेच की, त्या सभेपूर्वी अग्रशाळेच्या पूर्वेकडील चार फरश्या उचलून पाहाव्यात. सांडीचे जुने चिरे त्यांच्याखाली असावेत. तळाशी सिमेंट घातले तर झर कोठून वर येणार, हे कंत्राटदाराला नव्हे, गाळ काढणाऱ्यांच्या घरातील म्हाताऱ्यांना विचारावे; त्यांना जागा ठाऊक आहे. आणि त्या दिवशी कुळागरवाल्याला व त्यांनाही सभेत बसावयास खुर्ची द्यावी. कोंप्रोमिसात तशी तरतूद नाही, पण तशी मनाईही मला कोठे आढळली नाही.

गेल्या मे महिन्यात मी उतरून पायऱ्या मोजल्या. पाण्याबाहेर एकोणीस होत्या. आजी असताना, त्याच दिवसांत, अकरा असत.